चौथा खांदा

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी बंगालमधल्या सेरामपूरहून मावशींच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. खुशाली विचारून झाली, पाऊसपाणी झालं, आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "त्या दिवशी चौथा माणूस कोण होता गं?" त्यांच्या घरच्या बायबलला सुरुवातीला काही कोरी पानं आहेत. घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू त्या पानांवर लिहून ठेवायची त्यांच्याकडे रीत आहे. मावशींच्या मृत्यूची तारीख लिहून झाली होती, कुठे पुरलं ते लिहून झालं होतं, पेटी कोणी उचलली त्यातली तीन नावंही लिहिली होती. चौथ्या नावाची जागा दोन वर्षं कोरीच होती. "तू तर तिथेच उभी होतीस," त्या म्हणाल्या. ठपका ठेवण्याचा सूर अजिबात नव्हता. विचारून सांगते, म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर कधीतरी लक्षात आलं, की मी उजव्या हाताने स्वतःचा डावा खांदा घट्ट धरून बसले आहे.

मी तिथेच उभी होते, हे खरंच. आणि चौथं नाव माझं असायला हवं होतं.

मावशी आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. जन्म बंगालमधला, नोकरी सगळी इकडे, नर्सची. निवृत्त झाल्यावरही परत गेल्या नाहीत. मराठी उत्तम बोलायच्या, फक्त 'अ' जरा गोल व्हायचा आणि घाईत 'व'चा 'ब' व्हायचा. माझा मुलगा झाला तेव्हा आईला येता आलं नव्हतं. बाळाला पहिला सव्वा महिना अंघोळ घातली ती मावशींनी. पाटावर पाय लांब करून बसायच्या, पोटऱ्यांवर त्याला पालथं घालायच्या, आणि पाण्याची धार सोडण्याआधी डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने त्याचे दोन्ही कान अलगद झाकायच्या. एका तळहातात इवलंसं डोकं मावायचं. मी एकदा सहज म्हटलं, मावशी, तुम्ही याला रोज बाप्तिस्माच देताय. त्या एकदम गंभीर झाल्या. "नाही हं. ही अंघोळच. आम्ही बाप्टिस्ट. आमच्यात लेकरांचा बाप्तिस्मा नसतो. मोठं होऊन ज्याचं त्याने ठरवायचं, आणि मग स्वतःच्या पायांनी पाण्यात उतरायचं." चर्चला त्या मंडली म्हणायच्या. "आमच्या मंडलीत असं", "आमच्या मंडलीत तसं". मराठी ख्रिस्ती माणूसही मंडळीच म्हणतो. बंगालीत ळ नाही एवढाच फरक. मला तो शब्द त्यांच्या तोंडून फार आवडायचा. आपल्याकडे जेवायला बसलेली ती मंडळी, गप्पांना जमलेली ती मंडळी, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात तर बायकोसुद्धा मंडळी. इमारतीपेक्षा माणसंच आधी डोळ्यांसमोर येतात.

त्या गेल्या ऐन पावसाळ्यात. पहाटे. बहीण आदल्या आठवड्यातच येऊन राहिली होती. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, जिना अरुंद, आणि दुसऱ्या मजल्यावरचं वळण असं, की साधं कपाट आणायचं तरी दोरखंड लावून गॅलरीतून चढवतात. प्रार्थना झाली. पेटी उचलायची वेळ आली तेव्हा चर्चचे पाळक होते, मावशींचा भाचा होता, आमच्या शेजारचे काका होते. तिघंच. बाकीचे म्हातारे, नाहीतर यायचे होते आणि पावसात अडकले होते. बहिणीने माझ्याकडे बघितलं. "तू दे ना खांदा. तुझं लेकरू तिच्या हातात वाढलं."

मी एक पाऊल मागे सरले.

फार तर दोन-तीन क्षणांची गोष्ट. शववाहिकेचा ड्रायव्हर दारातच उभा होता. त्याने चपला काढल्या, गळ्यातला पंचा काढून चार पदरी घडी केली, ती खांद्यावर ठेवली आणि खाली वाकला. पेटी उठली. जिन्याच्या वळणावर ती जवळजवळ उभी करावी लागली, तेव्हा खालच्या बाजूला तो होता आणि सगळा भार त्याच्यावर होता. भिंतीला हात टेकवत, एकेक पायरी पायाने चाचपत तो उलटा उतरला. मी मागून चालत होते. माझ्या हातात छत्री होती.

का सरले मागे? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. सोयरसुतक मानत नाही, असं मी चारचौघांत ठामपणे सांगते. पण बाबा गेले तेव्हा भावाने खांदा दिला, चुलतभावांनी दिला, आणि मी उंबऱ्याच्या आत उभी होते. अंगणातून वळून तिरडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच. कोणी थांबवलं नव्हतं, कोणी बोलावलंही नव्हतं. खांदा कोणी द्यायचा हे आपल्यात आधीच ठरलेलं असतं. नात्याने ठरतं, जातीने ठरतं, बाई की पुरुष यावरून ठरतं. मनाने ते कधीच झुगारलं, असं मला वाटत होतं. पाय मात्र जुनंच शिकलेले निघाले. आणि अगदी खरं सांगायचं तर प्रेताच्या स्पर्शाचीही भीती होती. ज्या हातांनी माझ्या मुलाचे कान झाकले, त्या हातांची.

मागच्या हिवाळ्यात कामासाठी कोलकात्याला जावं लागलं आणि एक दिवस काढून मी सेरामपूरला गेले. हावड्याहून लोकलने तासाभराच्या आत. मराठी पुस्तकांत याचं नाव श्रीरामपूर असंही छापतात, त्यामुळे शाळेत असताना मला ते नगर जिल्ह्यातलंच वाटायचं. धाकट्या मावशी मला घेऊन थेट हुगळीच्या काठावर गेल्या. त्यांना मराठी येत नाही. हिंदीत थोडं बंगाली मिसळून बोलतात. समोरच्या काठावर बराकपूर. भरतीचं पाणी चढत होतं, गढूळ, चहाच्या रंगाचं, कडेला जलपर्णीचे पुंजके. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर मऊ गाळाचा थर बसलेला. मी खाली उतरायला लागले तशी त्यांनी माझा दंड धरला. "सांभाळून. आमच्या मंडलीची सुरुवात पाय घसरण्यापासूनच झाली आहे."

ती गोष्ट त्यांनी तिथेच, पायरीवर बसून सांगितली. परत आल्यावर मी ती मिळेल तिथे वाचून काढली. १८०० साल. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हतं, म्हणून विल्यम केरी, जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड ही माणसं इथे येऊन राहिली. केरी मूळचा इंग्लंडमधला चांभारकाम करणारा. त्याला बंगालमध्ये येऊन सात वर्षं झाली होती आणि सात वर्षांत एकही बंगाली माणूस त्याच्या मंडळीत आला नव्हता. एप्रिलमध्ये त्यांनी रीतसर मंडळी स्थापली, तीही आपसांतलीच. नोव्हेंबरच्या शेवटी कृष्ण पाल नावाचा एक सुतार अंघोळीला गेला असताना घसरून पडला आणि त्याचा खांदा निखळला. जॉन थॉमस हा मिशनचा डॉक्टर धावला. त्याने कृष्ण पालला झाडाला बांधलं, केरी आणि मार्शमनने धरून ठेवलं, आणि थॉमसने खांदा जागेवर बसवला. कृष्ण पाल बंगालमधल्या कर्ताभजा या गुरूला मानणाऱ्या पंथाचा, अनेक वर्षं गुरू केलेला माणूस. दुखण्याने कळवळत असतानाच तो आपल्या पापांविषयी बोलायला लागला, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. सुताराचा खांदा निखळला म्हणजे रंधा गेला, करवत गेली, पोट गेलं. ज्याने तो परत बसवला, त्याचं तो ऐकणार नाही तर काय?

महिनाभरात, २२ डिसेंबरला, कृष्ण पाल आणि त्याचा मित्र गोकुल यांनी मिशनऱ्यांच्या पंगतीला बसून जेवण घेतलं. बातमी गावभर झाली. हजारोंचा जमाव जमला, दोघांना ओढत डॅनिश अधिकाऱ्यापुढे नेलं. त्याने त्यांना सोडून दिलं. बाप्तिस्म्याचा दिवस ठरला २८ डिसेंबर, रविवार. मिशनसमोरच्याच घाटावर. कृष्ण पाल येणार होता, गोकुल येणार होता, घरातल्या दोन बायका येणार होत्या. पण वेळ आली तेव्हा गोकुल मागे सरला. बायकाही थांबल्या. एकटा कृष्ण पाल पाण्यात उतरला, आणि त्याच्या आधी केरीचा पंधरा वर्षांचा मुलगा फेलिक्स. काठावर डॅनिश गव्हर्नर उभा होता, हिंदू होते, मुसलमान होते. ही नदी आम्हाला पवित्र वाटते म्हणून आम्ही इथे आलो नाही, हे साधं पाणी आहे, असं केरीने लोकांना सांगितलं. वाचताना मला मावशी आठवल्या. ही अंघोळच, म्हणाल्या होत्या.

धाकट्या मावशींनी गोकुल मागे सरला हे वाक्य सहज सांगितलं आणि पुढे गेल्या. माझं मन मात्र तिथेच अडकलं.

त्याच दिवसाची आणखी एक गोष्ट आहे, आणि मंडळीचा इतिहास सांगताना लोक ती हळू आवाजात सांगतात. केरी मुलाला आणि कृष्ण पालला घेऊन नदीकडे चालला होता तेव्हा वाटेच्या एका बाजूच्या खोलीत थॉमस कोंडलेला होता. इतक्या वर्षांच्या वाट पाहण्यानंतर पहिला माणूस आला, या आनंदाने त्याचं डोकं फिरलं होतं. दुसऱ्या बाजूच्या खोलीत केरीची बायको डोरोथी होती, आणि तिच्या किंकाळ्या बाहेर ऐकू येत होत्या. तिला या देशात यायचंच नव्हतं. लग्नाच्या नोंदवहीत सही म्हणून फुली काढणारी, आपल्या गावाबाहेरचं जग न पाहिलेली बाई. १७९३ मध्ये निघताना कडेवर काही आठवड्यांचं तान्हं होतं. बहीण सोबत येते म्हणाली तेव्हा कुठे ती तयार झाली.

आणि मग मुदनाबाटी, बंगालमधलंच एक गाव. केरी तिथे नीळ बनवण्याच्या कारखान्यावर व्यवस्थापक होता. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. केरी स्वतः तापाने फणफणत होता. पेटी करायला सुतार मिळेना. परक्याचं, परधर्मीयाचं प्रेत. खड्डा खणायलाही कोणी तयार होईना. शेवटी चार मुसलमान आले, त्यांनी खणला. पण पेटी तिथवर न्यायची कोणी? कोणीच पुढे येईना, तेव्हा आई-बापांनी स्वतःच आपलं मूल उचलून न्यायचं ठरवलं. ऐनवेळी जातीबाहेर टाकलेला एक मुलगा आणि घरी झाडलोट करणारा माणूस, हे दोघे पुढे झाले. चार कोस दूरच्या नातेवाइकांनाही निरोप धाडता येतो आपल्याला. तिथे त्या बाईला हाक मारायला एक शब्द येत नव्हता. पुढे तिचं मन गेलं ते कायमचं. पीटरनंतर तेरा वर्षं ती जगली. ८ डिसेंबर १८०७ ला ती गेली, तेव्हा शेवटपर्यंत भान परतल्याचं चिन्ह दिसलं नाही, असं वॉर्डच्या नोंदीत आहे. मी एका मुलाची आई आहे. पहिल्या बाप्तिस्म्याच्या दिवसाचं वर्णन वाचताना मला नदीपेक्षा ती बंद खोलीच जास्त दिसते, आणि ती तशी दिसायलाच हवी, असं माझं मत आहे. मंडळी उभी राहिली त्यात तिचंही काहीतरी खर्ची पडलं आहे.

गोकुल पुढच्या वर्षी आला. उतरला पाण्यात. त्याला वेळ हवा होता, तो त्याने घेतला. आणि १८०३ च्या ऑक्टोबरमध्ये तो वारला. या मंडळीतला हा पहिला एतद्देशीय मृत्यू. आता प्रश्न असा, की खांदा कोण देणार? जातीने टाकलेला माणूस, त्याला जातीचं कोणी शिवणार नाही. पैसे देऊन भाडोत्री माणसं आणायची, अशी तिथे रीत पडलेली होती. कृष्ण पालने पेटीला आतून-बाहेरून पांढरी मलमल लावली, स्वतःच्या खर्चाने. आणि पेटी उचलायला चौघे पुढे झाले: मार्शमन, केरीचा मुलगा फेलिक्स, भैरव, आणि पीरू. मार्शमन गोरा साहेब, शाळामास्तर. फेलिक्स अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. भैरव जन्माने ब्राह्मण. पीरू जन्माने मुसलमान. बंगाली गाणं म्हणत ते गावातून गेले आणि लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना थांबून बघत राहिले.

फेलिक्स आठ-नऊ वर्षांचा असेल पीटर गेला तेव्हा. आपल्या धाकट्या भावाला उचलायला कोणी नव्हतं, हे त्याने डोळ्यांनी बघितलेलं होतं.

धाकट्या मावशी हे सांगताना चारही नावं बोटांवर मोजत होत्या. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. घरातल्या माणसांची नावं घ्यावीत तशी. माणसांची अशी नोंद ठेवणं त्यांच्या मंडळीच्या घडणीतच आहे, असं मला नंतर वाटत राहिलं. बाप्टिस्टांवर वर कोणी बिशप नाही. प्रत्येक मंडळी आपली आपण चालते, कोणाला आत घ्यायचं ते सगळे सभासद बसून ठरवतात. जन्माने कोणी आपोआप आत येत नाही, त्यामुळे प्रत्येकाचं येणं ही एक घटना असते. कोण कधी उतरला पाण्यात, कोण थांबला, कोणाचं लग्न कोणाशी लागलं, हे कोणीतरी लिहून ठेवावंच लागतं. १८०३ च्याच एप्रिलमध्ये कृष्णप्रसाद नावाच्या ब्राह्मण मुलाचं कृष्ण पालच्या मुलीशी लग्न लागलं, सुताराच्या घरासमोर, झाडाखाली. हेही लिहिलेलं आहे म्हणूनच आज मला माहीत आहे.

लिहून ठेवणारी ही माणसं आपल्या भाषेपर्यंतही आली. याच गावातल्या छापखान्यात १८०५ मध्ये केरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं, त्याच साली बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आलं, आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, मोडी खिळ्यांत. केरीच्या पाठीशी वैजनाथ पंडित होते. महाराष्ट्रात मराठी छापखाने नीट सुरू व्हायच्या आधी, बंगालमधल्या डेन्मार्कच्या एका गावात, हुगळीच्या काठावर कोणीतरी मोडी अक्षरांचे खिळे जुळवत बसलं होतं. मोठा अभिमानाचा इतिहास आहे हा आणि आपण तो पुरेसा सांगत नाही. तरीही त्या दिवशी परतीच्या लोकलमध्ये माझ्या डोक्यात कोश नव्हता, व्याकरण नव्हतं. धाकट्या मावशींची चार बोटं होती.

दफनभूमीतही जाऊन आलो होतो आम्ही. केरी, मार्शमन, वॉर्ड तिघेही तिथे आहेत. केरीच्या दगडावर त्याच्याच इच्छेने कोरलेल्या ओळींत तो स्वतःला दीन, असहाय किडा म्हणवून घेतो. ऊन उतरत होतं, शेवाळ वाळून काळं पडलं होतं. धाकट्या मावशींनी पदराने एका कडेची धूळ पुसली, आणि बहिणीची कबर तिकडे इतक्या लांब आहे, कोण पुसत असेल, असं काहीतरी स्वतःशीच म्हणाल्या. मी पुसते, असं मी म्हणू शकले नाही. कारण तोवर मी एकदाच गेले होते.

फोन आल्यानंतरच्या रविवारी मी शववाहिकेची जुनी पावती शोधून काढली. भाच्याने ती माझ्याकडे ठेवायला दिली होती. पावतीवरच्या नंबरावर फोन केला, दोन-तीन माणसांकडून फिरत फिरत ठिकाण कळलं. गाड्या उभ्या असतात त्या शेडमध्ये तो एका गाडीचं मागचं दार उघडं टाकून आतला पत्रा पाण्याने धूत होता. मी ओळखलं ते पंच्यावरून. तसाच गळ्यात होता. त्याला मी काही आठवले नाही. मावशींचं नाव सांगितलं, तारीख सांगितली. तो नुसता ऐकत राहिला. रोजच्या दोन-तीन फेऱ्या, दोन वर्षांचा हिशेब. कोण कशाला लक्षात ठेवेल? मग मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर जिन्याचं वळण फार अरुंद आहे.

"हां," तो लगेच म्हणाला. "पेटी उभी करावी लागली होती. कठडा हलत होता तिथला." आणि त्याचा हात आपोआप उजव्या खांद्याच्या मागे गेला.

मी वही काढली, नाव विचारलं. तो बिचकला. कशाला हवंय, काही तक्रार आहे का? मी बायबलच्या कोऱ्या पानांचं सांगितलं, तीन नावं लिहून झालीत आणि एक राहिलंय, असं सांगितलं. त्याने नळ बंद केला. ओले हात पंच्याला पुसले. नाव सांगितलं, आणि मी लिहीत असताना वाकून बघत राहिला. एक मात्रा चुकली होती, ती त्याने बोट ठेवून दाखवली. मी दुरुस्त केली. वही परत घेणार तेवढ्यात तो म्हणाला, "वडिलांचं नावही लिहा ताई."

लिहिलं.